सकाळची टकटक आणि ‘मोटा तेल’

प्रश्न : दादा नमस्कार. मी शिंदे की छावणीत राहतो, गाडी २०१३ ची १.३ लिटर डिझेल हॅचबॅक, १,१२,००० किलोमीटर झालीये. डिसेंबर लागल्यापासून सकाळी पहिला स्टार्ट मारला की इंजिनच्या वरच्या बाजूने टकटकटक असा आवाज येतो, पाच-सहा सेकंद, मग आपोआप बंद. दिवसभर पुन्हा काही नाही. आमचा मिस्त्री म्हणतो ‘बाबूजी, मोटा तेल डलवा लो, २०डब्ल्यू-५०, आवाज ही खतम’. पुण्याचा चुलतभाऊ म्हणतो पातळ घाल. आई म्हणते काहीही घाल पण सहा वाजता शेजाऱ्यांना उठवू नकोस. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : आईचं तर ऐकाच. बाकी दोघांत चुलतभाऊ जवळ पोचलाय, पण ‘पातळ’ हा शब्दही अर्धवटच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

तुमच्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट आहेत. म्हणजे कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा) आणि व्हॉल्व्ह यांच्यातली फट भरून काढायचं काम ऑइल करतं, टॅपेटच्या पोटात ऑइल प्रेशरने भरलेलं असतं. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं थोडं ऑइल खाली झिरपतं, फट उघडी पडते, आणि सकाळी पंप ते परत वर पोचवेपर्यंत धातूवर धातू आपटतो, तीच तुमची टकटक. ऑइल पोचलं की गप्प. म्हणजे प्रश्न ऑइल जाड की पातळ हा नाहीये, ते थंडीत वरपर्यंत किती लवकर पोचतं हा आहे.

आता डब्यावरचे आकडे. डब्ल्यू म्हणजे विंटर, आणि त्याच्या आधीचा आकडा हा थंडीतला आकडा. २०डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे १५ डिग्रीला घेतात, १०डब्ल्यूची उणे २५ ला आणि ५डब्ल्यूची उणे ३० ला, म्हणजे आकडा जितका लहान तितकं ते थंडीत जास्त वाहतं. मागचा आकडा, ३०, ४०, ५०, हा इंजिन तापल्यावरचा, १०० डिग्रीला मोजलेला दाटपणा. तुम्ही म्हणाल ग्वाल्हेरात कुठे उणे होतं, जानेवारीत तीन-चार डिग्री म्हणजे डोक्यावरून पाणी. बरोबर आहे, २०डब्ल्यू इथे काही थिजणार नाही, आपली खोबरेलाची बाटली थिजते तसं तर अजिबात नाही. पण न थिजणं वेगळं आणि पटकन चढणं वेगळं. ४० डिग्रीला सुद्धा ५डब्ल्यू-३० चा दाटपणा साधारण साठ-सत्तर सेंटिस्टोक (दाटपणा मोजायचं एकक) असतो आणि २०डब्ल्यू-५० चा दीडशेच्या आसपास, आणि पारा खाली जाईल तसा हा फरक वाढतच जातो. म्हणजे मिस्त्रीच्या मोट्या तेलाने सकाळची टकटक लांबायचीच शक्यता जास्त.

हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. माझ्या आधीच्या पेट्रोल गाडीत मीही असंच कोणाचं तरी ऐकून २०डब्ल्यू-५० घातलं होतं, मे महिन्यात गाडी अशी मऊ चालायची की मी मिस्त्रीला चहा पाजला. मग जानेवारी आला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून पाहिलं तर आधी तीन सेकंदांत थांबणारा आवाज आठवर गेलेला. मिस्त्री खोटं बोलत नव्हता हो, त्याचा अनुभव जुन्या, झिजलेल्या, ऑइल खाणाऱ्या इंजिनांचा आणि ४५ डिग्रीच्या उन्हाळ्याचा, तिथे जाड ऑइलने आवाज दबतो हे खरं आहे. तुमचा आवाज त्या जातीचा नाही.

तर घालायचं काय? मॅन्युअल काढा, ग्लोव्ह बॉक्समध्ये विम्याच्या कागदांखाली असेल. त्यात दिलेल्या ग्रेडपैकी ज्याचा पुढचा आकडा सगळ्यात लहान ते घ्या, बहुधा ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० निघेल. दोन्ही लिहिले असतील तर लाखाच्या वर चाललेल्या गाडीला मी ४० देईन, आपला उन्हाळाही सांभाळला जातो आणि थंडीतला ५डब्ल्यूही हातचा जात नाही. फुल सिंथेटिक घ्या, थंडीत वाहण्यात मिनरल त्याच्या जवळ येत नाही. आणि डब्यावर एपीआयचा (ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकी संस्था) ‘सी’ने सुरू होणारा वर्ग आहे ना बघा, ‘सी’ डिझेलचा, ‘एस’ पेट्रोलचा, दोन्ही लिहिलेले असले तरी चालतं, नुसता ‘एस’ असेल तर नको. (ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल आहे त्यांनी माझं हे उत्तर आपल्याला लावून घेऊ नका, तुमच्याकडे डीपीएफ म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्याला कमी राखेचं, बरेचदा सी३ (हा एपीआयचा ‘सी’ नव्हे, युरोपच्या एसीईएचा वर्ग) लिहिलेलं ऑइल लागतं, नाहीतर फिल्टर चोंदतो आणि त्याचं बिल बघून घाम फुटतो.)

पण डबा आणायच्या आधी दोन कामं, फुकटातली. गाडी सपाट जागी उभी करून डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, परत काढा. पातळी खालच्या खुणेशी असेल तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं. दुसरं, मागच्या सर्व्हिसला फिल्टर कुठला घातला ते विचारा. माझ्या त्या गाडीचा फिल्टर बंद पत्र्याच्या डब्याचा होता, तो मी शेवटी पकडीत धरून हॅक्सॉने कापला. आत एक रबरी चकती असते, इंजिन बंद झाल्यावर ऑइल मागे वाहून जाऊ नये म्हणून. माझ्या फिल्टरमधली दुमडायला गेलो तर वाळल्या पापडासारखी कडकन मोडली. नव्या ओरिजिनलमधली दाबून बघितली तर कानाच्या पाळीसारखी मऊ. शंभर-दीडशे रुपये वाचवलेला तो डुप्लिकेट फिल्टर रोज रात्री रिकामा होत होता आणि मी मात्र ऑइलचे डबे बदलत बसलो होतो. तुमच्या गाडीत डबा नसून नुसता कागदी इलेमेंट असेल तर इलेमेंटबरोबर झाकणाचा ओ-रिंगही नवा घाला, जुनाच पुसून परत लावू देऊ नका.

हे सगळं करून दोन-तीन सेकंद टकटक राहिलीच तर राहू द्या. इतकी चाललेली गाडी तीन डिग्रीला एवढं बोलणारच. फक्त स्टार्ट झाल्या झाल्या रेस देऊ नका, वरती अजून ऑइल पोचलेलंच नसतं. पण आवाज मिनिटभर चालला, किंवा गाडी तापल्यावर वाढला, किंवा टकटकऐवजी साखळी ओढल्यासारखा खरखराट यायला लागला तर चेन टेन्शनर (इंजिनातली टायमिंग चेन ताणून धरणारा भाग) बघून घ्या. आणि ऑइलचा लाल दिवा पेटून राहिला तर तिथल्या तिथे बंद करा, गॅरेजपर्यंत चालवतही नेऊ नका, टोचन करून न्या.

प्रश्न : माझी जुनी ८०० आहे, तिचाही टकटक आवाज येतो, थंड असो की गरम. यालाही ५डब्ल्यू चालेल का?
– एक वाचक, मुरार

उत्तर : ऑइलने काही होणार नाही. तुमच्याकडे हायड्रॉलिक नाही, स्क्रूवाले टॅपेट आहेत, फट हाताने सेट करायची असते. इंजिन थंड असताना फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालणाऱ्या माणसाकडेच न्या, कानाने ऐकून स्क्रू पिळणाऱ्याकडे नको. कारण आवाज पूर्ण बंद करायच्या नादात तो टॅपेट घट्ट करून ठेवतो, मग व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि हळूहळू जळतो, आणि जळताना टकटकही करत नाही. ८०० थोडी बोललेलीच बरी.

प्रश्न : ग्वाल्हेरच्या मेळ्यात रोड टॅक्सची सूट होती तेव्हा नवी कार घेतली. सर्व्हिसमधून अर्धा लिटर ५डब्ल्यू-३० उरलंय. बाइकमध्ये टाकू का?
– एक वाचक, थाटीपूर

उत्तर : नका टाकू. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करायचे पदार्थ असतात, क्लच घसरायला लागेल. बाइकच्या डब्यावर जासो (जपानी मानक) एमए किंवा एमए२ असं लिहिलेलं लागतं. उरलेलं अर्धा लिटर झाकण घट्ट लावून डिकीत ठेवा, टॉप-अपला येईल. अगदीच राहवत नसेल तर गेटच्या बिजागऱ्यांना घाला.