१४५ दिवस उपाशी? चोरून खात असणार!

प्रश्न : मी आचऱ्याचा, दशावतारात पेटी वाजवतो. युक्रेनचा कोणी सिनेमावाला रशियाच्या तुरुंगात १४५ दिवस उपाशी होता, असं आमच्या कंपनीतली पोरं सांगतात. माका काय पटना नाय. निर्जळी एकादशीला संध्याकाळी माझे हात पेटीवर थरथरतात. चोरून खात असणार! आणि कलावंताने उपाशी राहून मिळवायचं काय?

उत्तर : आधी तुमच्या हातांचं. मधुमेहाची गोळी चालू असेल तर निर्जळी बंद करा. हे डॉक्टर म्हणून सांगते, देवाला मी समजावते.

आता तो सिनेमावाला. ओलेग सेन्त्सोव, मूळचा क्रिमियाचा, शिक्षा २० वर्षांची. तो निर्जळी नव्हता. पाणी भरपूर पीत होता आणि नंतर डॉक्टरांच्या देखरेखीखाली पोषक द्रवही थोडं थोडं घेत होता. चोरून नव्हे, उघड. तुर्कस्तानातले उपोषणवाले मीठ, साखर आणि बी-१ जीवनसत्त्व घेतात. बी-१ नसेल तर मेंदूच बिघडतो. नुसतं पाणी पिऊन माणूस दोन-अडीच महिने जेमतेम काढतो. क्रांतिकारक जतिन दास १९२९ साली लाहोरच्या तुरुंगात ६३ दिवसांनी गेले.

मिळवायचं काय? सेन्त्सोवने स्वतःची सुटका मागितलीच नव्हती. रशियातले सगळे युक्रेनी राजकीय कैदी सोडा, ही त्याची मागणी. सुरुवात केली १४ मे २०१८ला, रशियात फुटबॉलचा विश्वचषक सुरू व्हायच्या बरोब्बर महिनाभर आधी! संकासुराने रंगमंचावर कधी यायचं हे तुम्हाला कळतं, तसंच हे. दिग्दर्शकच तो. बळजबरीने अन्नाची नळी घालतील म्हणून ऑक्टोबरात थांबला, आणि पुढच्या सप्टेंबरात कैद्यांच्या अदलाबदलीत सुटला.

इराणचे दिग्दर्शक जाफर पनाही यांनी फेब्रुवारी २०२३मध्ये तुरुंगात अन्न सोडलं आणि दोन दिवसांत बाहेर आले. पण म्हणून उपोषणाने दार उघडतं असं मी म्हणणार नाही. तुर्कस्तानातल्या ग्रुप योरुम या बँडची मुख्य मागणी होती, की कार्यक्रमांवरची बंदी उठवा आणि आमचे तुरुंगातले साथी सोडा. त्यांची गायिका हेलिन बोलेक एप्रिल २०२०मध्ये, २८८व्या दिवशी गेली. तेव्हा सगळं जग करोनात दारं लावून बसलेलं. बास गिटारवाला इब्राहिम गोकचेक ३२३ दिवसांनी थांबला आणि दोनच दिवसांत तोही गेला.

उपोषण सोडलं की सुटलो, असंही नसतं. इतक्या दिवसांनी एकदम पोटभर जेवण दिलं तर रक्तातले क्षार झपाट्याने उतरतात, हृदय बंद पडू शकतं. अशा माणसाला पेजेची निवळसुद्धा मोजूनच द्यावी लागते.