हुकूमशाही आणि सर्वंकषसत्ता: एकच का?

प्रश्न असा आला आहे: ‘पोलंडचा पिल्सुदस्की आणि इटलीचा मुसोलिनी, दोघेही हुकूमशहाच. मग मुसोलिनीच्या राजवटीला सर्वंकषसत्ता असा वेगळा, अवजड शब्द कशाला?’

शब्द अवजड आहे खरा, पण तो सोडू नये असं मला मनापासून वाटतं. हुकूम कोणाचा चालतो एवढंच ‘हुकूमशाही’ सांगते. तो हुकूम माणसाच्या आयुष्यात कुठवर शिरतो, हे ‘सर्वंकष’मुळे कळतं. पिल्सुदस्कीने मे १९२६ मध्ये सैन्याच्या बळावर सत्ता घेतली, पुढे विरोधकांना तुरुंगातही टाकलं. पण विरोधी पक्ष खिळखिळे का होईना, उरले. इटलीत १९२६ संपता संपता दुसरा पक्षच उरला नाही. मुलांसाठी ‘बालिल्ला’, कामगारांच्या फावल्या वेळासाठी ‘दोपोलाव्होरो’, अशा राजवटीच्या संघटना उभ्या राहिल्या. १९३१ मध्ये विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना निष्ठेची शपथ घ्यायला लावली. सुमारे १२०० जणांत नकार देणारे जेमतेम डझनभर निघाले. साध्या हुकूमशहाला प्राध्यापक गप्प बसला तरी पुरतं. इथे त्याने तोंडाने ‘हो’ म्हणायला हवं होतं.

सर्वंकषसत्ता म्हणजे इंग्रजीतलं ‘टोटॅलिटेरियनिझम’; त्याचा मूळ इटालियन शब्द ‘तोतालितारिओ’. उदारमतवादी नेते जोव्हान्नी आमेन्दोला यांनी तो मे १९२३ मध्ये एका लेखात वापरला. स्थानिक निवडणुकांत बहुमतासाठीची उमेदवारयादी फॅसिस्टांची, म्हणजे मुसोलिनीच्या पक्षाची, आणि अल्पमतासाठी राखलेल्या जागांची यादीही त्यांचीच, या प्रकाराला उद्देशून. शब्द जन्मला तो असा, निवडणुकीच्या हिशेबातून आणि टीका म्हणून. जून १९२५ मध्ये मुसोलिनीने तोच भाषणात अभिमानाने मिरवला. पुढच्याच महिन्यात फॅसिस्टांनी आमेन्दोलांना बेदम मारलं. त्यातून ते सावरले नाहीत आणि एप्रिल १९२६ मध्ये फ्रान्समध्ये वारले.

आता आपला शब्द. ‘सर्वं कषति’ ते सर्वंकष. या घडणीसाठी पाणिनीचं सूत्रच आहे. कष् म्हणजे घासणं, खरवडणं. कसोटीतला ‘कस’ही त्याच धातूचा. म्हणजे काहीही न सोडता सगळं खरवडून काढणारं ते सर्वंकष. यापेक्षा नेमका शब्द मला सुचत नाही. अडचण एवढीच, की ‘सर्वंकष अभ्यास’ म्हणताना आपण कौतुक करत असतो आणि ती गोडी इथेही चिकटते. म्हणून मी ‘सर्वंकष सत्ता’ असं सुटं लिहीत नाही, जोडूनच लिहितो. ‘एकाधिकारशाही’ हा पर्याय आहे, पण तो पुन्हा अधिकार कोणाचा याच प्रश्नाशी थांबतो.

तेव्हा पिल्सुदस्की, पोर्तुगालचा सालाझार, युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर यांना हुकूमशाही पुरे. हिटलर आणि स्टालिन यांना सर्वंकषसत्ता. मुसोलिनीबद्दल इतिहासकारांत वाद आहे, कारण त्याला इटलीचा राजाही हटवता आला नाही आणि पोपही; जुलै १९४३ मध्ये त्याच राजाने त्याला पदावरून काढून अटक करवली. तरीही मी इटलीला हा शब्द लावतो, तो त्या प्राध्यापकांच्या शपथेमुळे.