बीडीएस थर्ड इयरला आहे, नाशिक. आयओपीएत (तोंडात फिल्म ठेवून काढलेल्या दाताच्या एक्सरेत) दात लांबट येतात आणि एक्सरे वाचता पण येत नाही, काय करू?

दात लांबट येतात म्हणजे ट्यूबचा व्हर्टिकल अँगल कमी पडतोय, जास्त झाला की बुटके येतील. शेजारचे दात एकमेकांवर चढले तर हॉरिझाँटल चुकला. मी नाशकातच शिकवते आणि मुलांना आधी होल्डर लावून पॅरलल टेक्निकच (फिल्म दाताला समांतर) देते, कारण बायसेक्टिंगमधे दात आणि फिल्म यांच्यातल्या कोनाची मधली रेषा मनातच धरायची असते, सुरवातीला चुकतेच, आणि चुकीची किंमत पेशंट मोजतो, रिपीट म्हणजे परत रेडिएशन. कॉलेज रोडच्या क्लिनिकमधे आरव्हीजीवर (डिजिटल एक्सरेवर) फोटो लगेच दिसतो म्हणून "परत काढू" ही सवय तर अजिबात नको.

वाचताना डायरेक्ट काळा डाग शोधू नको. आधी क्राऊन, मग रूट, लॅमिना ड्युरा (रूटभोवतीची पांढरी रेघ), पीडीएल स्पेस (रूट आणि त्या रेघेमधली बारीक काळी फट), शेवटी हाड, दर वेळी हाच क्रम. खालच्या प्रीमोलरच्या टोकाशी काळं दिसलं की बरेच जण पेरीएपिकल लीजन (रूटच्या टोकाचा आजार) लिहून मोकळे होतात पण तिथे मेंटल फोरामेन (जबड्यातलं नसेचं नैसर्गिक छिद्र) असू शकतं, लॅमिना ड्युरा अखंड आहे का बघ, वेगळ्या अँगलने घेतलेल्या फिल्ममधे फोरामेन रूटपासून सरकतं, आणि पल्प व्हायटॅलिटी टेस्ट (दाताची नस जिवंत आहे का ते) करच. कीड पण फिल्मवर दिसते त्यापेक्षा खोल असते, साधारण ३० ते ४० टक्के मिनरल गेल्याशिवाय ती नीट दिसतच नाही, म्हणून तोंड तपासल्याशिवाय नुसत्या एक्सरेवर निदान लिहू नको.