मशीन ‘नाही’ म्हणालं की पुढं काय, एवढं आधी ठरवा

प्रश्न असा आहे की देशाच्या तंत्रज्ञान धोरणात केंद्र सरकारनं सगळ्यात जास्त प्राधान्य कशाला द्यावं: एआय, चिप, ५जी की मूलभूत संशोधन? मला चारांतलं एक निवडायला सांगितलं तर मी पेपर कोरा ठेवून पाचवंच लिहीन. मशीननं माणसाला ‘नाही’ म्हटलं की त्या माणसानं कुठं जायचं आणि कुणाच्या सहीनं त्याचं काम व्हायचं, हे आधी ठरवा. बाकीचं त्यातूनच सुचत जातं, असं माझं मत आहे.

मी कुठं बसून बोलतोय ते सांगतो. बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. याच गाळ्यात आधी वडिलांचा पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ होता. नंतर मी इथंच कॉम्प्युटर क्लास चालवला, पोरं एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घेऊन गेली. आता सातबारा, दाखले, केवायसी आणि झेरॉक्स. दिल्लीत कुठलंही धोरण ठरू द्या, दोनचार वर्षांत ते माझ्या काउंटरवर येऊन उभं राहतं.

मागच्या दिवाळीच्या आसपासची गोष्ट. आमच्याकडं तेव्हा ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडं, कर्नाटकात. साठीच्या पुढची एक मावशी आली. बाहेर ट्रॅक्टर उभा, त्यावर भांडीकुंडी, सरपणाची मोळी, दोन नातवंडं. एका योजनेची केवायसी राहिली होती. मशीनवर अंगठा ठेवला, लाल. दुसरा ठेवला, लाल. ओल्या फडक्यानं बोटं पुसली, खोबरेल लावून पाहिलं, दहाच्या दहा बोटं फिरवली. तीस-पस्तीस वर्षं कोयता धरलेल्या हाताला रेषा उरतात कुठं? मावशी हात उलटासुलटा करून बघत म्हणाली, “भाऊ, बोट तर माजंच हाय ना?”

मग ओटीपी पाठवायचं ठरलं. तर आधारला जोडलेला नंबर पोराचा जुना, सिम कधीच बंद झालेलं. तो बदलायला आधार केंद्रात जायचं, तिथं नंबर चार दिवसांनी. ट्रॅक्टर रात्रीच निघणार. चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय आता काही योजनांना आहे, आणि उजेड असला तर ती बरी चालते, पण या योजनेत तो पर्यायच नव्हता. मावशी गेली. केवायसीची मुदत ती उसाच्या फडात असतानाच संपली. गुढीपाडव्याला परत आल्यावर तिनं चौकशी केली, तर एका कार्यालयानं बँकेत पाठवलं, बँकेनं आधार केंद्रात, आणि आधार केंद्रानं माझ्याकडं. मी म्हटलं, सायट बंद झाली. यात खोटं कुणीच बोललं नव्हतं.

आता गंमत बघा. पहिलं आधार कार्ड आपल्याच राज्यात दिलं गेलं, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० ला. आदिवासी गाव मुद्दाम निवडलं होतं, कारण ज्याच्याकडं कुठलाच कागद नाही त्याला ओळख मिळावी हा हेतू होता. पुढं २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की ओळख पटली नाही एवढ्या कारणावरून कुणाचा लाभ अडता कामा नये. म्हणजे हेतू चांगला आणि निकालही स्पष्ट. फक्त तो निकाल माझ्या स्क्रीनवर उतरलेला नाही. तिथं ‘पुन्हा प्रयत्न करा’ हे एकच बटण आहे.

आणि हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. यूपीआयचं उदाहरण घ्या. सुरुवातीला पैसे कापले गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत की लोक घाबरून जायचे. २० सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढलं. यूपीआयनं पाठवलेले पैसे कापले जाऊन समोरच्याच्या खात्यात जमा झाले नाहीत, तर ते दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत आले पाहिजेत, आणि नाही आले तर त्यापुढं दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. ग्राहकानं अर्ज करायची वाट न बघता. माझ्या मते यूपीआय भाजीवालीपर्यंत पोचलं त्यात क्यूआर कोडइतकाच या एका परिपत्रकाचा हात आहे. चूक झाली तर भुर्दंड कुणाला, हे लिहून ठेवलं की ती चूक कमी कशी करायची ते इंजिनीअर लोक आपोआप शोधतात.

मग अंगठ्याला हाच नियम का नको? तीनदा ओळख फसली की मशीननंच तक्रार नोंदवावी, नंबरासकट पावती द्यावी, त्या नंबरावर मुदत थांबावी, आणि ठरावीक दिवसांत ग्रामसेवकानं किंवा तलाठ्यानं माणूस डोळ्यांनी बघून सही करावी. उशीर झाला तर दिवसाला शंभर. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे, त्यात वेळेत सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंड आहे. पण अधिकारी म्हणतो, मी कुठं नाकारलं, सिस्टीमनं नाकारलं. सिस्टीमला दंड कसा करायचा हे त्या कायद्यात नाही. राष्ट्रीय धोरणात मला पहिली ओळ याची हवी आहे.

इथं कुणीतरी म्हणेल, की ही झाली प्रशासनाची गोष्ट, तंत्रज्ञान धोरण म्हणजे संशोधन, कारखाने, स्वावलंबन. मला या दोन गोष्टी वेगळ्या वाटत नाहीत, आणि त्याचं कारण वडिलांचा बूथ आहे.

१९८४ साली सरकारनं सी-डॉट नावाची संस्था काढली. दूरसंचार तज्ज्ञ सॅम पित्रोदा त्यामागं होते. छत्तीस कोटी रुपये आणि छत्तीस महिने, एवढ्यात भारतीय टेलिफोन एक्स्चेंज बनवून दाखवायचं. बाहेरून येणारी मोठी एक्स्चेंज एसी खोलीत ठेवावी लागत, आणि ती हजारो फोनच्या शहरासाठी बनवलेली. आपल्या खेड्यात फोनच चारदोन, वीज जाते-येते, धूळ आणि चाळीसच्या वर पारा. सी-डॉटच्या लोकांनी सुरुवातच त्या धुळीपासून केली. १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज, एसीशिवाय चालणारं. पहिलं १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. मग त्याचं डिझाइन बऱ्याच कारखान्यांना दिलं आणि देशभर ती पेटी पोचली.

त्यातून पीसीओ, म्हणजे सार्वजनिक फोनचा बूथ आला. आमच्या बूथवर लाल आकड्यांचा मीटर होता, ट्रिंग करून पल्स पडायचा आणि आत बोलणारा माणूस मध्येच बोलणं आवरायचा. रात्री उशिरा दर उतरले की रांग लागायची. वडील अंगणात खुर्ची टाकून बसायचे, नंबर लिहून घ्यायचे. मुद्दा हा, की बूथवर माणूस होता. फोन लागला नाही तर मीटर पडायचा नाही, पैसे घेतले जायचे नाहीत, आणि काय बिघडलं ते वडील सांगायचे. पित्रोदांनी प्रत्येक घरात फोनचा हट्ट धरला असता तर आम्हाला आणखी वीस वर्षं लागली असती. अवघड गिऱ्हाइकापासून डिझाइन सुरू केलं म्हणूनच ते एक्स्चेंज खऱ्या अर्थानं आपलं झालं, नाहीतर परदेशी पेटीला देशी स्टिकर लागला असता.

पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचं तसंच. अमेरिकेनं हवा तो सुपरकॉम्प्युटर द्यायला खळखळ केली, १९८८ मध्ये सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ ला विजय भटकरांच्या चमूनं परम ८००० बनवला. हे सगळे सांगतात. त्याच संस्थेनं जिस्ट नावाचं कार्ड पुढं आणलं, ज्यामुळं साध्या पीसीवर देवनागरी उमटायला लागली, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. माझ्या धंद्याच्या दृष्टीनं परमपेक्षा जिस्ट मोठं.

कारण भाषेचा घोळ अजून मिटलेला नाही. माझ्या केंद्रात सगळ्यात जास्त अडतं कुणाचं माहिती आहे? ज्ञानेश्वरांचं. आमच्याकडं दर दहा घरांत एक ज्ञानेश्वर. सातबाऱ्यावर नाव मराठीत, आधारवर इंग्रजीतही. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी डी-एन-वाय असं लिहिलेलं, आणि बँकेच्या किंवा योजनेच्या सॉफ्टवेअरनं देवनागरीवरून आपोआप इंग्रजी केलं की होतं जी-वाय, म्हणजे हिंदी उच्चाराचं ग्यानेश्वर. नावं जुळत नाहीत, अर्ज परत. काळे आणि काले, बळीराम आणि बालीराम, हे वेगळंच. हा सुटायला अवघड प्रश्न नाही, पण तो सोडवण्यात कुठल्या कंपनीला नफा नाही. अशाच गोष्टींसाठी सरकार लागतं. २०२२ मध्ये भाषिणी हा भारतीय भाषांसाठीचा सरकारी भाषांतर उपक्रम सुरू झाला तेव्हा मला बरं वाटलं. भाषणांचं भाषांतर होतंय ते ठीक, पण आधी माझ्या ज्ञानेश्वरांची नावं जुळवून द्या.

चिप आणि एआयला माझा विरोध नाही, तसं समजू नका. डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६ हजार कोटी मंजूर झाले, मार्च २०२४ मध्ये इंडिया-एआय मिशनला १० हजार ३७२ कोटी. खर्च करा. मात्र मोहालीचा सरकारी चिप कारखाना आठवणीत ठेवा. १९८४ मध्ये उत्पादन सुरू झालं, १९८९ मध्ये आगीत खाक, आणि पुन्हा उभं राहायला वर्षं गेली. तोवर तैवान कुठल्या कुठं गेलं. पहिला कारखाना वेळेत काढूनसुद्धा आपण मागं राहिलो, कारण एकदा नारळ फोडला की नंतरच्या वीस वर्षांचं काय, हे कुणी बघत नाही. संशोधनावर आपण जीडीपीच्या ०.६४ टक्क्यांच्या आसपास खर्च करतो. त्यात खासगी कंपन्यांचा वाटा निम्म्याहून बराच कमी. हा आकडा वाढल्याशिवाय बाकी सगळी भाषणं, एवढंच मी त्यावर बोलतो, कारण तो माझा प्रांत नाही.

नारळ फोडण्याचा विषय निघालाच आहे तर भारतनेट. २०११ मध्ये योजना मंजूर झाली (तेव्हा नाव वेगळं होतं), सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना फायबर द्यायची. शेजारच्या एका गावात पेटी बसली, फीत कापली, फोटो निघाले. नंतर रस्ता रुंद करताना जेसीबीनं केबल उचकटली. ज्यानं रस्ता केला त्याचा फायबरशी संबंध नाही, ज्यानं फायबर टाकलं त्याचं बिल निघालेलं. पेटीवर आता ग्रामपंचायतीचं जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. पुढं ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार कोटींची सुधारित योजना आली, आणि तीत दहा वर्षांची देखभाल धरली आहे. उशिरा का होईना, हे शहाणपणाचं. कुठल्याही योजनेच्या जीआरमध्ये मी आधी देखभालीची ओळ शोधतो. नसेल तर ती योजना किती दिवस चालेल याचा अंदाज बांधायला मला ज्योतिषी लागत नाही.

खासगी माहितीबद्दलही कुणी विचारेलच. २०१७ मध्ये न्यायालयानं खासगीपणा मूलभूत हक्क मानला, २०२३ मध्ये कायदा झाला, त्यात सरकारनं स्वतःला मोठी सूट ठेवली. ती मला खटकते. माझ्या टेबलावर रोज लोकांच्या आधारच्या झेरॉक्सचा ढीग पडतो, तो मी संध्याकाळी फाडतो. सगळे फाडत असतील असं नाही.

तर तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. धोरण लिहिणाऱ्यांनी आधी सगळ्यात अवघड माणूस समोर बसवावा: रेषा पुसलेले हात, बंद सिम, डी-एन-वायचं नाव, सहा महिने जिल्ह्याबाहेर. त्याचं काम होईल असं मशीन बनवायला सांगा, म्हणजे चांगला सेन्सर लागेल, आपली भाषा समजणारं एआय लागेल, रेंज नसताना चालणारं अ‍ॅप लागेल, आणि कदाचित चिपसुद्धा. तेव्हा संशोधनाला काम मिळेल, आणि ते काम परदेशातून आयात करता येणार नाही, कारण ऊसतोड कामगाराचा अंगठा तिकडं कुणाकडं नाही.

तोवर मी एक दोनशे पानी वही घातली आहे. तारीख, गाव, कुठली योजना, काय अडलं. नाव लिहीत नाही. मावशीची नोंद सतराव्या पानावर आहे. आजवर तपासणीला आलेल्या साहेबांनी दरपत्रक बघितलं, बोर्ड बघितला, सीसीटीव्ही बघितला. वही कुणी मागितली नाही. मागितली तर झेरॉक्स फुकट काढून देईन.