कोणतं टेबल, ते आधी विचार

सांगली, रविवार

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

काल शेअर ब्रोकरांकडची दोन्ही नेमणूकपत्रं, इथल्या विश्रामबागचं चौदा हजारांचं आणि मुंबईत अंधेरीचं तेवीस हजारांचं, माझ्यासमोर ठेवून तू अर्ध्या चहावर उठून गेलीस. "मावशी, चौदा की तेवीस?" एवढंच विचारलंस. तुझ्या आईसमोर मी बोलले नाही, कारण तिनं मनातल्या मनात तेवीसला कुंकू लावून टाकलेलं दिसत होतं. आता सवडीनं लिहिते.

आधी तेवीसचं सोलून बघू. अंधेरीच्या पत्रात तेवीस हजार आहेत, पण ते 'सीटीसी'. म्हणजे कंपनी तुझ्या नावावर जे जे खर्चात धरते ते सगळं. बेसिक बारा हजार आहे. त्यावर १२ टक्के पीएफ कंपनी भरणार, ते १,४४० त्या तेवीसातच धरलेत. तेवढेच तुझ्याकडून कापणार. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी धरली आहे, ती पाच वर्षं टिकलीस तर. ईएसआयचा, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याचा, कंपनीचा ३.२५ टक्के वाटाही त्यातच, आणि तुझा ०.७५ वेगळा. व्यवसाय कर तेवढा नाही. महाराष्ट्रात बायकांना २५ हजारांपर्यंत तो माफ आहे. सगळं वजा जाता तुझ्या हातात येतील पावणेएकोणीस हजारांच्या आसपास.

विश्रामबागचं ऑफिस पाच माणसांचं. वीस माणसं असल्याशिवाय पीएफचं बंधन नाही, दहा असल्याशिवाय ईएसआयचं नाही. म्हणजे तिथले चौदा हजार हातात चौदाच, पण म्हातारपणाच्या नावानं शून्य. महिना संपला की दोन्हीतला फरक राहिला पावणेपाच हजारांचा. अंधेरीत चौघींच्या खोलीतली एक कॉट तेवढ्यात मिळते का, ते तूच चौकशी करून सांग. इथं तू घरी जेवणार आणि स्कूटीला पेट्रोल घालणार.

गावागणिक पैसा बदलतो हे काही खासगीवाल्यांचंच खूळ नाही. केंद्र सरकारनं आपल्या नोकरांसाठी त्याची पट्टीच करून ठेवली आहे: सध्या घरभाडं मुंबई-पुण्यात मूळ पगाराच्या ३० टक्के, सांगलीत २०, साताऱ्यात १०. सांगली २०१५ पर्यंत साताऱ्याच्याच रांगेत होती. अमेरिकेत तर कामगार आकडेवारीचं खातं 'ब्रोकरेज क्लार्क' या पदाचा पगार राज्यवार आणि शहरवार दरवर्षी छापतं, तळाला किती, मधोमध किती, वर किती. आपल्याकडे असा कागद मिळत नाही. आपला कागद म्हणजे त्याच कामावरच्या चार पोरींना चहाला नेऊन विचारणं. पगार विचारायला लाजू नकोस. आपल्याला वाटतं त्यापेक्षा सांगणाऱ्याला ते बरं वाटतं.

पण पगारातल्या फरकाचं घरभाडं हे अर्धंच कारण. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

ब्रोकरकडचं सगळं काम एका ठिकाणी होत नाही. ग्राहक जिथं आहे तिथं खातं उघडायचं, ऑर्डर पंच करायची, मार्जिन, म्हणजे सौद्यासाठी ठेवायची अनामत, कमी पडलं की फोन करायचा, लेजर (खात्याचा उतारा) घेऊन येणाऱ्याची समजूत काढायची. हे सांगलीत. पे-इन, पे-आउट (पैसे आणि शेअर बाजाराला देणं, तिथून घेणं), सेटलमेंट (सौद्यांची देवघेव पुरी करणं), एक्स्चेंजला म्हणजे शेअर बाजाराला जाणारे रिपोर्ट, रिस्क, कंप्लायन्स हे सगळं हेड ऑफिसात, आणि हेड ऑफिस बहुतेकदा मुंबईत. पैसा त्या दुसऱ्या ढिगाला जास्त आहे, कारण तिथं संध्याकाळी झालेली चूक रात्रीच लाखांत जाते. आपल्या इथले सब-ब्रोकर, म्हणजे मोठ्या ब्रोकरच्या नावानं छोटं ऑफिस चालवणारे, बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०१८ मध्ये ती वर्गवारीच काढून टाकल्यावर 'ऑथराइज्ड पर्सन' झाले. पाटी बदलली, पण त्यांची कमाई अजूनही ब्रोकरेजमधला वाटा हीच, आणि सपाट वीस रुपयांत ऑर्डर घेणारी ॲपं आल्यापासून तो वाटा आटला. मालकाचाच घास लहान झाला, तिथं तुझा चौदाचा अठरा करायला त्याचं मन होईल, पण हात पोचणार नाही.

आता अंधेरीचं पत्र पुन्हा वाच. 'ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' असं ऐटीत लिहिलंय. मी काल दोनदा वाचलं, कामाचं वर्णन एका ओळीचं आहे: केवायसी अर्जांची छाननी. म्हणजे दिवसभर पॅन, पत्ता, सही, फोटो. मुंबईत बसून सांगलीचंच काम, तेही त्यातला एक तुकडा. दोन वर्षांनी तुला तेवढंच येत असेल.

अनुभवाचं मोल कसं चढतं आणि कसं कोसळतं, हे मी स्वतः पाहिलंय. मी १९९५ ला इथल्या एका सब-ब्रोकरकडे लागले. पगार अकराशे. तेव्हा शेअर म्हणजे कागद. ट्रान्सफर डीडवरची, म्हणजे शेअर दुसऱ्याच्या नावावर करायच्या कागदावरची, सही कंपनीकडच्या नमुन्याशी जुळली नाही की माल 'बॅड डिलिव्हरी' होऊन परत. माझी नजर त्यात बसली होती. र चा काना वाकडा दिसला तरी मी गठ्ठ्यातून डीड बाहेर काढायची. मालक चारचौघांत कौतुक करायचा, आणि पगारही बाकीच्यांहून वर नेला होता. १९९६ ला डिपॉझिटरीचा कायदा आला, डीमॅट सुरू झालं, शेअर कागदावरून संगणकातल्या खात्यात गेले, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत माझ्या नजरेला गिऱ्हाईक उरलं नाही. मी मात्र सेवा किती वर्षं झाली तेच मोजत बसले होते.

मग २००४ मध्ये दुसऱ्या एका ऑफिसात एका ग्राहकाची डिलिव्हरी स्लिप, म्हणजे विकलेले शेअर खात्यातून काढून द्यायची सही केलेली चिठ्ठी, माझ्या ड्रॉवरमध्ये राहिली. सही थोडी वेगळी वाटली म्हणून ग्राहकाला बोलावून घेऊ म्हटलं आणि विसरले. तेव्हा टी+२ होतं, सौद्यानंतर दोन दिवसांत देवघेव. शेअर वेळेत गेले नाहीत, एक्स्चेंजनं ऑक्शन केलं, म्हणजे तेवढे शेअर बाजारातून घेऊन समोरच्याला दिले, आणि भाव चढलेला. फरक ग्राहकाच्या लेजरला लागला, त्यानं ऑफिस डोक्यावर घेतलं, आणि ती रक्कम सहा महिने माझ्या पगारातून गेली. आता विकतानाच शेअर खात्यात ब्लॉक होतात, तुम्हाला ही चूक करायलासुद्धा मिळत नाही.

वर्षभरानं महालक्ष्मीनं मुंबईला गेले, फोर्टातल्या एका ऑफिसात मुलाखतीला. समोरच्या माणसानं किती वर्षं केलीत हे विचारलंच नाही. "ऑक्शन कधी अंगावर आलंय का?" म्हणाला. मी ड्रॉवरसकट सगळं सांगितलं. त्यानं मला सेटलमेंटला बसवलं, सांगलीच्या अडीचपट पगारावर. तिथं सहा वर्षं राहिले. लोकलनं गुडघे गेले, पण जे शिकले त्यावर सांगलीत परत येऊनही चांगल्या पगाराची नोकरी मिळाली, कारण पे-आउट अडकलं की हेड ऑफिसला नेमकं काय आणि कुणाला विचारायचं हे इथं दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं.

माझे वडील मार्केट यार्डात अडत दुकानी दिवाणजी होते. हळदीचा हंगाम आला की रात्री अकरापर्यंत शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायचे: तोलाई, हमाली, अडत, उचल, सगळं वजा. पगार त्यांचा कधीच मोठा नव्हता. पण हरिपूरच्या कुठल्या पेवात कुणाची किती हळद आणि कुणाची उचल किती थकली, हे वहीत न बघता सांगायचे. शेजारच्या दुकानदारानं त्यांना दुप्पट देऊ केलं, तेव्हा मालकानं दीडपट केलं आणि वडील राहिले. सांगलीत पगार असाच वाढतो. तुझ्याबरोबर किती ग्राहक उठून जातील, याचा मालक मनात अंदाज बांधत असतो. ऑर्डर घेणाऱ्या डीलरच्या खुर्चीतही तेच आहे: शंभर माणसं तुझा आवाज ओळखून ऑर्डर सांगायला लागली की बोलायला बळ येतं. मुंबईत ग्राहक कंपनीचा असतो, तिथं तुझं काम मोजलं जातं.

म्हणून माझं मत, तुझ्या आईला आवडणार नाही असं: या अंधेरीच्या टेबलासाठी सांगली सोडू नकोस. विश्रामबागला दोन वर्षं कर. पाच माणसांच्या ऑफिसात सकाळी सव्वानवाला मार्केट उघडल्यापासून साडेतीनला बंद होईपर्यंत सगळं तुझ्याच अंगावर पडतं. कंटाळशील, पण सगळ्याला हात लागेल. त्या काळात एनआयएसएमची, म्हणजे बाजारातल्या कामाच्या परीक्षा घेणाऱ्या सेबीच्या संस्थेची, सातवी सिरीज दे, ती बॅक ऑफिस आणि रिस्कची आहे, आणि जमली तर आठवी, इक्विटी डेरिव्हेटिव्हजची. प्रमाणपत्रं तीनच वर्षं चालतात, तेव्हा घाईनं काढून फाईलला लावून ठेवू नकोस. मग मुंबईला जा, पण सेटलमेंट किंवा रिस्कच्या टेबलावर. ते टेबल उद्याच वीस हजारांवर मिळालं, तर आजच बॅग भर.

विश्रामबागवाल्याशी मात्र घासाघीस कर. पीएफ नाही, तर त्याबदल्यात दोन हजार वाढवून माग. नाही म्हणाला तर परीक्षांची फी आणि सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार हे पत्रात लिहून घे. तोंडी नको.

आणखी एक, थोडक्यात. कुणी याच कामाला एकदम तीस-पस्तीस देऊ केले, तर त्या ऑफिसात एक्स्चेंजच्या बाहेरचे सौदे कुठल्या वहीत लिहितात ते बघ. डब्यावर, म्हणजे अशा एक्स्चेंजबाहेरच्या बेकायदा सौद्यांवर, काम करणाऱ्या पोरांना पगार चांगला असतो, आणि पोलीस आले की टर्मिनलसमोर तीच बसलेली असतात. महिन्याला ठरावीक टक्के देतो म्हणणाऱ्यांचंही तेच. आपल्या भागात अशा दुकानांनी किती घरं बुडवली ते तुला माहीत आहे. त्यांच्याकडे पावत्या फाडणाऱ्या मुली तुझ्याच वयाच्या होत्या.

अंधेरीला लगेच नकार कळवू नकोस. उद्या फोन करून सरळ विचार, छाननीतून सेटलमेंटला किती महिन्यांत जाता येतं, आणि गेल्या वर्षी कोण गेलं. नाव सांगता आलं नाही तर समजून घे. नाव सांगितलं तर तिचा नंबर माग, आणि मग माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आपण पुन्हा बसू. मंगळवारी संध्याकाळी मी घरी आहे. येताना भडंग आण, आणि या वेळी चहा पुरा पिऊन जा.

तुझी,
मावशी