हिस्टेरिया म्हंजे वेड का?

"मॅडम, चिठ्ठीवर हिस्टेरिया लिवलंय, म्हंजे पोरगी याडी झाली का वो? का नाटक करायलीय?"

हा प्रश्न सोलापुरात मला कायम येतो. हे कुटुंब पूर्व भागातलं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), वडील यंत्रमागावर, मुलगी बारावीला. अचानक दातखीळ बसते, हातपाय ताठ होतात, डोळे मिटून अर्धा-अर्धा तास पडून राहते. शेजारच्यांनी कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली आणि वर सल्ला दिला की लग्न उरकून टाका, आपोआप बरं होईल.

आता गंमत अशी की हा लग्नाचा सल्ला त्या शब्दाइतकाच जुना आहे. ग्रीकमध्ये हिस्टेरा म्हणजे गर्भाशय. तिथल्या जुन्या वैद्यांना वाटायचं की गर्भाशय अंगात इकडंतिकडं फिरतं म्हणून बाईचा जीव घुसमटतो, आणि उपाय काय तर लग्न आणि मूल! पुढं एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सालपेत्रिएर हॉस्पिटलात शार्को नावाच्या डॉक्टरनी पुरुषांनापण असे झटके येतात हे दाखवलं, आणि १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी आजारांच्या यादीतून हे नावच काढलं. आपल्याकडं मात्र अजून सर्रास चालू आहे.

वडलांना म्हटलं, दादा, वेड नाही आणि नाटक तर अजिबात नाही, मनावरचा ताण अंगातून बाहेर पडायलाय, ती मुद्दाम करत नाही. पण आधी न्यूरोलॉजिस्टला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरला दाखवा, कारण फिट (मिरगी) असेल तर औषधं वेगळी, आणि एक ईईजी (मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी) नॉर्मल आला म्हणून फिट नाहीच असं ठरवता येत नाही. झटका आला की मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरला त्याचा लै उपयोग होतो. गर्दी करू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर झोपवा.

फिट नाही हे डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलीशी एकटीशी बोलले. तिला नर्सिंगला जायचं होतं आणि झटके नेमके पाहुणे बघायला यायच्या आसपास यायचे, घरात कुणी तारखा जुळवूनच बघितल्या नव्हत्या. प्रत्येक केसमध्ये इतकं सरळ कारण सापडत नाही हां, कधीकधी सापडतच नाही.

बघण्याचा कार्यक्रम सध्या पुढं ढकललाय. झटके कमी झालेत, बंद नाही झाले. आजी अजून कांदा जवळ ठेवतीच.