आधीचे भाग न खेळता पुढचा घ्यावा का?

‘द विचर ३’ थेट घेऊ का, असं विचारलंस. बिनधास्त घे. २०१५ च्या या गेममध्ये नायक गेराल्टची गोष्ट नवख्यालाही कळते. फक्त सुरू करताना दुसऱ्या भागातल्या निर्णयांचा पर्याय चालू ठेव. मग राजवाड्यात गेराल्टची दाढी होत असताना एक सेनानी जुन्या घटनांबद्दल विचारतो आणि तू देशील ती उत्तरं तुझा भूतकाळ ठरतात. फार सुरेख जमलाय तो प्रसंग!

‘बाल्डर्स गेट ३’ची कथा तर दुसऱ्या भागानंतर शंभराहून जास्त वर्षांनी घडते, त्यामुळे कथेची चिंता नको. लढाई मात्र आळीपाळीने चालते. आपली पाळी येईपर्यंत थांबणं तुला जमेल का, हे आधी बघ. त्यासाठी ट्रेलर कामाचा नाही, एखादी अख्खी लढाई कुणी खेळताना बघ.

स्टीमवर, म्हणजे संगणकावरचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातून, घेतलास तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत करता येतो. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये सुरुवातीला आपल्या पात्राचा चेहरा घडवण्यातला वेळही त्यातच मोजला जातो, म्हणून नाक-डोळ्यांत रमू नकोस, आधी पहिली लढाई गाठ.